सगळ्या कुकीज बंद केल्या, आता साइट्सच उघडत नाहीत

प्रश्न : मी भाषांतराचं काम करते. संदर्भासाठी दिवसभर वेगवेगळ्या साइट्स उघडाव्या लागतात. मध्यंतरी एका व्याख्यानात ऐकलं, की कुकीजमुळे इंटरनेटवरच्या आपल्या प्रत्येक हालचालीवर पाळत राहते. त्याच दिवशी ब्राउझरमध्ये सगळ्या कुकीज बंद केल्या. तेव्हापासून संशोधनपत्रिकांचे लेख उघडत नाहीत, 'कुकीज सुरू करा' एवढं एक वाक्य येतं. ईमेलचा पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा लॉगिनचंच पान समोर येतं. काही बातम्यांच्या साइट्स तर सरळ म्हणतात, 'स्वीकारा, नाहीतर पैसे भरा.' मुलगा म्हणतो, "आई, सगळं ॲक्सेप्ट कर आणि मोकळी हो. तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. कुकीज चालू केल्या तर आपण हार मानली असं वाटत राहतं. काम मात्र अडलंय. काय करू?

उत्तर : मुलाचं म्हणणं तुम्हाला पटत नाही, यात तुमचं काही चुकत नाही. पण त्यासाठी काम अडवून बसायचीही गरज नाही. आधी काय करायचं ते सांगतो, म्हणजे आजचं काम सुरू होईल. कारणं त्यानंतर बघू.

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा असा विभाग असतो. तिथे सगळ्याच कुकीज, म्हणजे साइट्सनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, अडवण्याचा जो पर्याय तुम्ही निवडलाय तो काढा आणि फक्त थर्ड-पार्टी कुकीज अडवण्याचा पर्याय निवडा. तुम्ही जी साइट उघडली आहे तिच्याखेरीज दुसरंच कोणी त्या पानाच्या आडून जी कुकी ठेवू पाहतं, ती थर्ड-पार्टी कुकी. मग त्याच विभागात, ब्राउझर बंद झाला की साइट्सनी साठवलेला डेटा पुसला जावा अशी सोय शोधा आणि ती चालू करा. फायरफॉक्स आणि क्रोम, दोन्हीत ती आहे. ज्या दोन-तीन साइट्सवर रोज लॉगिन करावं लागतं त्यांची नावं अपवादांच्या यादीत घाला, म्हणजे तिथे सारखा पासवर्ड टाकावा लागणार नाही. एवढं केलंत की ईमेल उघडेल, लेखही बहुतेक उघडतील, आणि व्याख्यानात ज्या पाळतीबद्दल ऐकलंत तिचा मोठा भाग बाहेरच राहील.

आता कारणं. आपण साइट उघडतो तेव्हा ब्राउझर आणि सर्व्हर (साइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर) यांच्यात सुटे सुटे निरोप जात-येत असतात. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि विषय तिथेच संपतो. पुढच्याच मिनिटाला तुम्ही दुसरं पान मागितलंत, तरी मागणारी व्यक्ती मघाचीच आहे हे सर्व्हरला आपसूक कळत नाही. वेबची मूळ रचनाच अशी विसराळू आहे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने त्यावर तोड काढली. सर्व्हरने पानासोबत एक छोटी नोंद पाठवायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्या साइटकडे जाताना दर वेळी सोबत न्यायची. सामान ठेवायच्या खिडकीवर मिळणारा बिल्ला असतो, तशीच ही नोंद, म्हणजेच कुकी. बिल्ल्यावर नुसता आकडा असतो, सामान खिडकीच्या आत असतं. कुकीतही बहुतेक वेळा अक्षरांची आणि आकड्यांची एक निरर्थक माळ असते, आणि त्या माळेपुढे तुमच्याबद्दल जे काही लिहिलंय ते त्यांच्या सर्व्हरवर असतं. म्हणून कुकी पुसली की तुमची ओळख पटण्याची खूण जाते, त्यांच्याकडची नोंदवही कोरी होत नाही. आणखी एक भीती मनातून काढून टाका. कुकी म्हणजे प्रोग्रॅम नाही. ती स्वतः होऊन तुमच्या मशीनवर काही करू शकत नाही, आणि एका साइटची कुकी दुसऱ्या साइटला वाचताही येत नाही.

तुमच्या ईमेलचं काय होतंय ते आता सहज लक्षात येईल. तुम्ही पासवर्ड टाकता. सर्व्हर तो तपासतो, बरोबर असल्याचं मान्य करतो, तुमच्या नावाने एक नवा क्रमांक काढतो, 'ही कुकी ठेवून घे' असं ब्राउझरला सांगतो आणि तुम्हाला इनबॉक्सकडे पाठवतो. ब्राउझर तुमच्याच आज्ञेप्रमाणे ती कुकी टाकून देतो आणि रिकाम्या हाताने इनबॉक्सच्या दारात उभा राहतो. तिथला सर्व्हर बघतो, क्रमांक नाही, म्हणजे ही कोणी अनोळखी व्यक्ती आहे, आणि तुम्हाला लॉगिनच्या पानावर परत पाठवतो. पासवर्ड शंभर वेळा बरोबर टाकलात तरी हेच होणार. यात कोणाचा कावा नाही. ज्या साइटवर तुम्ही आपण होऊन नाव सांगून शिरता तिथे कुकी नाकारून काही लपतही नाही, कारण तुम्ही कोण आहात हे तुम्हीच तिला सांगितलेलं असतं.

संशोधनपत्रिकांचं थोडं वेगळं आहे. तिथे लॉगिन न करताही अडवणूक होते आणि माणूस गोंधळतो. बऱ्याच प्रकाशकांच्या साइट्स लेख दाखवण्याआधी एक चाचणी घेतात. एक कुकी पाठवायची, तुम्हाला क्षणभर दुसऱ्या पत्त्यावर वळवायचं आणि ती कुकी परत येते का ते बघायचं. आली तर लेख उघडतो, नाही आली तर 'कुकीज सुरू करा' हे वाक्य दिसतं. पुढच्या वेळी असं झालं की वरच्या पट्टीतला पत्ता नीट बघा, त्याच्या शेवटी मूळ दुव्यात नसलेली काही अक्षरं चिकटलेली दिसण्याची शक्यता आहे. ती बहुधा त्या चाचणीची खूण असते. प्रकाशकांना हे कशाला लागतं? एखाद्या विद्यापीठाच्या किंवा ग्रंथालयाच्या वर्गणीतून तुम्ही आला असाल तर ती परवानगी पानोपान लक्षात ठेवावी लागते. महिन्याला अमुक लेख फुकट अशी मर्यादा असेल तर मोजणी ठेवावी लागते. आणि हजारो लेख एका दमात उतरवून घेणाऱ्या यंत्रांना अडवायचं असतं. 'तुम्ही माणूस आहात का' अशी तपासणी करणारी पानंसुद्धा उत्तर मिळाल्याची नोंद कुकीतच ठेवतात. नोंद राहिली नाही तर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

ही कारणं मला रास्त वाटतात. पण एक तक्रार आहे. उघडा वाचता यावा म्हणून ठेवलेला लेख नुसता वाचायला कुकी लागूच नये. साइटने मनावर घेतलं तर तिला तो कुकीशिवाय दाखवता येतो आणि कितीतरी साइट्स तसा दाखवतात. जिथे अडवतात तिथे तोच लेख लेखकाने स्वतःच्या संस्थेच्या भांडारात किंवा एखाद्या खुल्या संग्रहात ठेवलाय का, हे बघायची सवय लावून घ्या. लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधलंत तर पुष्कळदा सापडतो. भाषांतरासाठी संदर्भ हवा असेल तर तेवढ्यावर भागतं.

आता ज्याची भीती बाळगणं योग्य आहे त्याकडे येतो. बातमीचं एक पान उघडलं की ते सगळं त्या वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येतं असं आपण धरून चालतो. खरं तर त्या पानात जाहिरातींच्या चौकटी असतात, 'लाइक'ची बटणं असतात, डोळ्यांना न दिसणारी एका ठिपक्याएवढी चित्रं असतात, आणि त्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्याच कंपनीकडून येते. ती कंपनी आपली कुकी सोबत ठेवते. उद्या तुम्ही औषधांची माहिती देणारी साइट उघडलीत आणि तिथेही त्याच कंपनीची चौकट असली, तर तीच कुकी तिच्याकडे परत जाते. परवा नोकरीच्या साइटवर, तेरवा कर्जाच्या साइटवर. या साइट्सची एकमेकींशी ओळख नसते, पण मधल्या कंपनीकडे त्या सगळ्या एका ओळीत मांडलेल्या असतात. कुठलं दुखणं, कुठली चिंता, कुठल्या वेळी. तुमचं नाव तिला माहीत नसलं तरी तुमचा आठवडा तिला माहीत असतो. मला यातलं सर्वांत जास्त खटकतं ते हे, की त्या कंपनीकडे तुम्ही कधी गेलाच नव्हता. तिचं नावसुद्धा तुम्ही ऐकलेलं नसतं.

हा धोका कोणाच्या लक्षात आला नव्हता असंही नाही. कुकीजसाठी १९९७ मध्ये जी पहिली तांत्रिक नियमावली निघाली, तिच्यातच म्हटलं होतं, की अशा तिसऱ्या पक्षाच्या कुकीज ब्राउझरने एक तर स्वीकारू नयेत, नाहीतर निदान मुळातच चालू ठेवू नयेत. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही आणि जाहिरातींचा सगळा धंदा त्याच पायावर उभा राहिला. ती सूचना प्रत्यक्षात यायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये थर्ड-पार्टी कुकीज सरसकट अडवायला सुरुवात केली. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी वेगळा कप्पा केला, म्हणजे एका साइटवर ठेवलेली जाहिरात कंपनीची कुकी दुसऱ्या साइटवर तिच्या उपयोगाची राहत नाही. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून या कुकीज दोन वर्षांत काढून टाकू असं जाहीर केलं, मग तारीख पुढे पुढे ढकलली, आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तीच व्यवस्था ठेवत असल्याचं सांगितलं. त्यामुळे क्रोम वापरत असाल तर नेहमीच्या खिडकीत हा अडसर तुम्हालाच घालावा लागतो. वर सांगितलेली सेटिंग त्यासाठीच.

'स्वीकारा, नाहीतर पैसे भरा' म्हणणाऱ्या साइट्सचा तुम्हाला राग आला, तो अगदी योग्य आहे. नाही म्हणायची सोयच नसेल तर त्या होकाराला संमती म्हणता येत नाही. युरोपात यावर बराच वाद झालाय आणि त्याचा फायदा जगभरच्या वाचकांना थोडाफार मिळतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाल दिला, की आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. मे २०२० मध्ये युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने स्पष्ट केलं, की कुकीज स्वीकारल्याशिवाय आत सोडणारच नाही अशी अट घातली, तर मिळालेला होकार स्वेच्छेचा धरता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये त्याच मंडळाने मोठ्या प्लॅटफॉर्म्सबद्दल मत दिलं, की होकार किंवा पैसे एवढे दोनच पर्याय ठेवणं बहुतेक प्रसंगी पुरेसं नाही, पैसे न घेणारा आणि पाळत न ठेवणारा पर्यायही त्यांनी द्यायला हवा. फ्रान्सच्या डेटा संरक्षण नियामकाने तर २०२२ च्या सुरुवातीला गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावल्याचं जाहीर केलं. कारण एवढंच, की स्वीकारायला एक क्लिक पुरत होतं आणि नाकारायला कितीतरी.

पण कायदा तुमच्या बाजूने बोलतोय म्हणून ती भिंत आज बाजूला होणार नाही. अशा साइटपुढे तीन रस्ते असतात. तीच माहिती दुसरीकडे मिळत असेल तर सरळ निघून जा, बातमीच्या बाबतीत हे बहुधा जमतं. ती साइट तुम्ही मनापासून वाचत असाल आणि परवडत असेल, तर पैसे भरा. पत्रकारितेला वाचकांनी पैसे देणं मला पाळतीपेक्षा कितीतरी चांगलं वाटतं. फक्त पैसे भरल्यावर पाळत खरंच थांबते का, हे त्यांच्या धोरणात वाचून घ्या. आणि एकच लेख हवा असेल, तर ब्राउझरची खासगी खिडकी (क्रोममध्ये तिला 'इनकॉग्निटो' म्हणतात) उघडा, होकार द्या, वाचा आणि खिडकी बंद करा. सगळ्या खासगी खिडक्या बंद झाल्या, की तिथे साठलेल्या कुकीज जातात. होकार दिल्याची नोंदही त्यांच्याबरोबर जाते. हा होकार दाबताना अपराधी वाटून घेऊ नका. तो तुमच्याकडून दमदाटीने घेतलेला आहे.

नेहमीच्या, नाकारायची सोय असलेल्या चौकटीत मात्र 'नाकारा' हेच दाबा. ते बटण दिसत नसेल तर 'पर्याय' किंवा 'सेटिंग्ज'च्या आत दडवलेलं असतं. आत गेल्यावर 'वैध हितसंबंध' असं भारदस्त नाव दिलेला आणखी एक खणही बघा. तिथे खटके आधीच चालू करून ठेवलेले असतात, आणि वरचं सगळं नाकारलं तरी ते तसेच राहू शकतात. आणखी एक बाब, तुम्ही नाकारलंत हेसुद्धा ती साइट एका कुकीतच लिहून ठेवते. ब्राउझर बंद करताना सगळं पुसलं जाणार असेल, तर ती चौकट उद्या पुन्हा विचारेल. तेवढी कटकट राहील, ती सोसण्यासारखी आहे.

सगळ्या कुकीज बंद ठेवल्या की आपण दिसेनासे होतो, असं तुम्ही धरून चालला होतात असं पत्रावरून वाटलं. तसं होत नाही. तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, तरीही जातो. स्क्रीनचा आकार, फाँट, भाषा, वेळेचा पट्टा, ब्राउझरची आवृत्ती अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या तरी माणूस ओळखू येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये हे तपासून पाहिलं, तेव्हा चाचणीला आलेल्या ब्राउझर्सपैकी ८० टक्क्यांहून अधिक ब्राउझर त्या संचात एकमेव निघाले होते. कुकीज पूर्ण बंद ठेवणारी माणसं थोडी, म्हणून ती सेटिंगसुद्धा ओळखीची एक खूण ठरू शकते. म्हणून मी तुम्हाला सगळ्यांत कडक सेटिंग सुचवत नाही. फायरफॉक्स, सफारी किंवा ब्रेव्ह वापरलंत तर अशा ओळख काढण्याविरुद्ध काही बंदोबस्त मुळातच असतो.

एका धोक्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो मला पाळतीपेक्षाही मोठा वाटतो. लॉगिन केल्यावर मिळालेली कुकी जिच्या हाती पडेल ती व्यक्ती तुमच्या नावाने आत शिरू शकते. पासवर्ड लागत नाही, मोबाइलवर येणारा कोडही लागत नाही, कारण ते दोन्ही तपासून झाल्यावरच ती कुकी दिलेली असते. २०१० मध्ये फायरशीप नावाच्या छोट्याशा एक्स्टेन्शनने (ब्राउझरला जोडायच्या पूरक प्रोग्रॅमने) हे जगाला दाखवून दिलं होतं. खुल्या वायफायवर बसलेल्या शेजारच्या माणसाचं खातं दोन क्लिकमध्ये उघडायचं. त्यानंतर साइट्स हळूहळू एचटीटीपीएसकडे, म्हणजे सगळी देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या जोडणीकडे, वळल्या आणि तो रस्ता बराचसा बंद झाला. आता अशा कुकीज चोरल्या जातात त्या मशीनमध्ये शिरलेल्या सॉफ्टवेअरमधून आणि ब्राउझरमध्ये घातलेल्या एक्स्टेन्शनमधून. भाषांतरासाठी तुम्ही शब्दकोशाची, व्याकरणाची एक्स्टेन्शन्स घातली असतील. त्यांची यादी आजच उघडा. 'सर्व साइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी ज्यांना दिलीय आणि ज्यांच्यावाचून तुमचं अडत नाही, ती काढून टाका. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम केलंत तर नुसती खिडकी बंद करून उठू नका, लॉग आउट करा. लॉग आउट केल्यावर सर्व्हर आपल्याकडचा क्रमांकही रद्द करतो, खिडकी बंद केल्याने तो रद्द होत नाही. आणि कोणी कितीही मदतीच्या सुरात सांगितलं, तरी कुकीज काढून पाठवू नका. कुकी पाठवणं म्हणजे पासवर्ड पाठवणंच.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असेल तर त्याला विचारा, त्याने गेल्या महिन्यात काय काय शोधलं याची यादी तो घरात मोठ्याने वाचून दाखवेल का. नाही दाखवणार, आणि त्यात काही वावगंही नसेल. दुखण्याचं नाव, नात्यातली अडचण, नोकरी सोडण्याचा विचार यांपैकी काहीही गुन्हा नाही, तरी ते कोणाला, कधी आणि किती सांगायचं हे माणूस स्वतः ठरवतो. तो हक्क तुमच्या हातून कोणी न विचारता काढून घेतंय, तुमचा आक्षेप त्याला आहे. लपवण्यासारखं काही असण्याची त्यासाठी गरज नाही. तो ॲक्सेप्ट करून मोकळा होतो, कारण ती चौकट त्याला थकवण्यासाठीच तशी रचलेली आहे. त्याच्या ब्राउझरमध्येही ही सेटिंग तुम्ही करून द्या.

सेटिंग बदलल्यावर उघडी असलेली पानं एकदा रिफ्रेश करा, नाहीतर जुनाच संदेश दिसत राहील. तरीही एखादी पत्रिका 'कुकीज सुरू करा' म्हणत राहिली, तर पत्त्याच्या शेवटी चिकटलेली जादा अक्षरं पुसून दुवा नव्याने उघडा. त्यानेही जमलं नाही तर जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तेवढ्या साइटपुरतं थांबवून बघा. कॉम्प्युटरचं घड्याळ आणि तारीखही तपासा. तारीख चुकून पुढे गेलेली असली, की कुकी हातात पडतानाच मुदत संपलेली ठरते आणि ब्राउझर ती फेकून देतो. ग्रंथालयाच्या वर्गणीतून एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जाताना लॉगिन अडत असेल, तर तिथे क्वचित थर्ड-पार्टी कुकी खरोखरच लागते. अशा वेळी पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटला तेवढी मुभा द्या आणि काम झालं की काढून घ्या.